परीक्षक कोण, ते आधी सांगा

मागे आमच्या भागातल्या एका ख्रिस्ती गीतलेखन स्पर्धेचं पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरत होतं. वर क्रूस, मागे उगवता सूर्य, मध्ये पिवळ्या अक्षरांत बक्षिसांच्या रकमा. विषय दिला होता, कडव्यांची मर्यादा दिली होती, शेवटची तारीख दिली होती. ‘मराठी व स्थानिक बोलीतील गीतांचे स्वागत’ असंही लिहिलं होतं. परीक्षक कोण, यापुढे मात्र दोनच शब्द होते : ‘तज्ज्ञ मंडळी’.

मी खापरचा. अक्कलकुव्याहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, पुढे थोड्याच अंतरावर राज्याची हद्द. बाजारात उभे राहा, दहा मिनिटांत देहवाली, अहिराणी, गुजराती, मराठी आणि हिंदी कानावर पडेल. आमच्या घरात देहवाली बोलतात. माझी फुई वाचायला शिकली नाही, पण घरच्या प्रार्थनेत तिने गाणं धरलं की कुणाला वही लागत नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या पोरांसाठी तिने एक गाणं केलं होतं. खोपीत रात्री काळोख असतो, तिथे तू दिव्यासारखा बस, एवढाच त्याचा भाव. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, ऐकून ऐकून देवनागरीत उतरवलं आणि स्पर्धेला पाठवलं.

गाणं परत आलं नाही, शेरा आला : ‘भाषा अशुद्ध. वृत्त नाही. भाव चांगला.’ सोबत सहभागाचं प्रमाणपत्र.

फुईला मी शेरा वाचून दाखवला. तिने एकच प्रश्न विचारला, “त्यांना आपली बोली येते का?”

नंतर चौकशी केली. तिघे परीक्षक होते : एक पाळकसाहेब, एक मराठीचे प्राध्यापक, एक शहरात गाणं शिकवणारे. तिघेही सज्जन, तिघेही आपापल्या कामात पक्के. तिघांपैकी एकालाही देहवालीचं एक वाक्य कळत नव्हतं. म्हणून हा लेख. राग त्या तिघांवर नाही. ज्यांनी त्यांना त्या खुर्चीत बसवलं आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्द चिकटवला, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. परीक्षक निवडला त्याच दिवशी निम्मा निकाल लागलेला असतो. कुठलं गाणं वर येईल हे गाणी यायच्या आधीच ठरतं, कारण कुणाच्या कानाला काय गोड लागतं हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून परीक्षकांची निवड ही आयोजकांनी शेवटच्या आठवड्यात फोन फिरवून उरकायची गोष्ट नाही. स्पर्धेतली सगळ्यात मोठी जबाबदारी तीच आहे, आणि आपण तीच सगळ्यात निष्काळजीपणे पार पाडतो.

आधी ठरवू या की उपासनेचं गीत म्हणजे काय. ती कविता नाही. कविता एकट्याने, मनात वाचता येते, अडलं तर मागे जाता येतं. ती मैफिलही नाही, कारण मैफिलीत एक गातो आणि बाकीचे ऐकतात. उपासनेचं गीत शंभर न शिकलेल्या गळ्यांनी एकत्र म्हणायचं असतं. त्यात म्हातारी असते, आवाज फुटलेला पोरगा असतो, शेतातून धावत आलेली बाई असते. म्हणजे गीताला चार परीक्षा द्याव्या लागतात : त्यातला विश्वास खरा आहे का, भाषा जिवंत आहे का, चाल शब्दांना पेलते का, आणि मंडळीच्या तोंडी ते बसतं का. नेहमीच्या परीक्षक मंडळात पहिली परीक्षा घेणारा असतो. दुसरी आणि तिसरी घेणारे असतात, पण फक्त प्रमाण मराठीपुरते आणि पेटीवरच्या सुरांपुरते. चौथी परीक्षा घेणारा कुणीच नसतो.

आता कुणी म्हणेल, मराठी ख्रिस्ती गीतांची मोठी परंपरा आहे, तिचा मान राखायला नको? राखायलाच हवा. पण ती परंपरा कशी तयार झाली ते बघा.

१६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट. त्याच्यासमोर लॅटिनचा थोर वारसा होता. त्याने लिहिलं मराठीत, आणि छंद निवडला ओवी. का? कारण त्याच्या समोरच्या लोकांचे कान पुराण ऐकून तयार झालेले होते. त्या कानांना रिकामं ठेवून चालणार नाही, हे त्याने ओळखलं.

मग दोन-अडीचशे वर्षांनी अहमदनगरकडे बघा. मिशनच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर बसवलेली असत. चाल परदेशी, शब्द मराठी, आणि ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन मंडळीत आणलं. त्यांच्यामागून आले नारायण वामन टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. त्यांनी अभंग आणि ओवी हे तुकोबा-ज्ञानोबांच्या वाटेचे छंद घेतले आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांत ओतली. आज ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळकांशिवाय पान उलटत नाही. लोकांनी ती गाणी कुणाच्या शेऱ्यावरून उचलली नाहीत. ती तोंडात बसली, म्हणून टिकली.

जरा कल्पना करा. समजा टिळकांच्या आधीच्या काळात एक स्पर्धा झाली असती आणि परीक्षक म्हणून फक्त इंग्रजी चालींत वाढलेले लोक बसले असते. अभंगावर त्यांनी काय शेरा दिला असता? बहुधा ‘भाव चांगला’.

खरी गंमत पुढे आहे. ज्या टिळकांनी परकी मोजपट्टी मोडली, त्यांचाच अभंग आज आमच्याकडे मोजपट्टी होऊन येतो. अभंग हा देशावरच्या, पंढरीच्या वाटेवरच्या कानांचा छंद. सातपुड्याच्या पायथ्याला कान वेगळ्या गोष्टींवर वाढले. आमच्याकडे होळीचा ढोल आहे, काठीच्या राजवाडी होळीला तो रात्रभर वाजतो. पावरी आहे. लग्नात बायांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहून गाणं पुढे सरकवतात, एक ओळ इकडून, एक तिकडून. फुईच्या गाण्याची घडण तीच होती. परीक्षकांनी त्यात वृत्त शोधलं आणि सापडलं नाही. नाहीच सापडणार. ते कागदावर नव्हतं, समोरच्या फळीच्या उत्तरात होतं, आणि कागदावर मी फक्त शब्द पाठवले होते.

टिळकांचा मान राखायचा म्हणजे त्यांचा छंद सगळीकडे लादायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी टिळक वाचले, पण टिळकांनी केलेलं काम पाहिलं नाही.

‘अशुद्ध’ या शब्दाबद्दलही बोलू. १९०७ साली ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांवरचा भाग प्रसिद्ध झाला. त्यात देहवालीची नोंद आहे, मावचीची आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका परक्या सरकारच्या अधिकाऱ्याला ही वेगळी बोली म्हणून नोंदवावीशी वाटली. आणि आज आमचाच प्राध्यापक तिला बिघडलेली मराठी समजून लाल पेन चालवतो. देहवालीचं लेखन अजून एका रीतीने पक्कं झालेलं नाही. मी एक शब्द एक तऱ्हेने लिहीन, शेजारच्या गावातला दुसऱ्या तऱ्हेने. हा लिहिणाऱ्याचा दोष कसा? ज्या भाषेत शाळा नाही, तिच्या शुद्धलेखनाचे गुण कापायचे कोणत्या नियमाने? आणि बोलीतल्या गाण्यांचं स्वागत करायचं, पण ती बोली कळणारा एकही माणूस बसवायचा नाही, याला स्वागत म्हणत नाहीत. दार उघडून पाहुण्याला उंबऱ्यावरच उभं ठेवणं म्हणतात.

आमच्याच जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आहे. आदिवासींच्या वतीने दुसऱ्यांनीच व्यासपीठावरून बोलावं, या रीतीवर ती आहे. शहाणी माणसं ती कविता आवडीने शेअर करतात. मग स्पर्धा भरवतात तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्या परत तशाच मांडतात.

हे दुखणं आपलंच आहे असं नाही. मिझोराममध्ये १८९४ साली मिशनरी पोहोचले, पुढे वेल्श मिशनने काम हाती घेतलं. सुरुवातीची गीतं भाषांतरित आणि पाश्चात्त्य चालींवरची. तिथला ढोल, ज्याला ते ‘खुआंग’ म्हणतात, चर्चच्या बाहेर ठेवला गेला, कारण त्याचं नातं जुन्या सणांशी आणि दारूच्या मेजवान्यांशी होतं. १९१९ च्या जागृतीच्या लाटेनंतर लोकांनी स्वतःची गाणी केली, स्वतःच्या ढंगात म्हटली आणि ढोल आत आला. आज ढोलाभोवती जमून म्हटलेली ती सामुदायिक गाणी मिझो ख्रिस्ती माणसाची ओळख आहेत. कोणत्या समितीने ठराव करून हे घडवलं नाही. समितीचं ऐकलं असतं, तर ते घडायला आणखी उशीर झाला असता.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पहिला आक्षेप : “मग काय, गावातली कुठलीही आजी परीक्षक? चुकीची शिकवण गाण्यात शिरली तर?” बरोबर आहे. गाण्यातून शिकवण सगळ्यात खोल जाते. प्रवचन दुपारपर्यंत विसरतं, गाणं मरेपर्यंत राहतं. म्हणून धर्मशास्त्र जाणणारा माणूस मंडळात हवाच. पण त्याचं काम वेगळं ठेवा. त्याने गुण देऊ नयेत. एखाद्या गाण्यात विश्वासाच्या मुळावर येणारी चूक असेल तर ती दाखवावी, कारण लिहून द्यावं आणि कवीला दुरुस्तीची एक संधी द्यावी. आज होतं असं की पाळकसाहेबांना चाल आवडली नाही, तरी गुण शिकवणीच्या रकान्यात कापले जातात.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. “या चाली जुन्या देवांच्या आहेत, त्या प्रार्थनेत कशाला?” खापरहून देवमोगरा लांब नाही. महाशिवरात्रीला याहामोगीच्या यात्रेला हजारो माणसं इथल्या रस्त्याने जातात, त्यांत आमचे नातेवाईक आणि शेजारी असतात. काही ख्रिस्ती मंडळींना ढोलाचा ठेका ऐकला की भीती वाटते. आणि काही शेजाऱ्यांना वाटतं की आमची गाणी उचलून यांनी आपल्या देवाला वाहिली. दोन्हीकडचं दुखणं खरं आहे. म्हणूनच तर चालीचं मूळ जाणणारा माणूस हवा! ही चाल लग्नातली, ही लावणीच्या वेळची, ही मात्र फक्त पूजेची, तिला हात लावू नका, हे सांगू शकणारा जाणता माणूस कदाचित ख्रिस्ती नसेलही. त्याच्या घरी जाऊन चहा प्या आणि विचारा. यात कुणाचाही धर्म बाटत नाही. उलट शेजाऱ्याची वस्तू न विचारता उचलण्याचं पाप टळतं. शहरातून आलेल्या संगीतशिक्षकाला हा फरक कळणारच नाही. त्याला दोन्ही चाली नुसत्या ‘लोकधून’ वाटतील.

तिसरा आक्षेप : “स्थानिक परीक्षक घेतले तर भाऊबंदकी होईल.” होईलच. आमच्याकडे चार घरं सोडली की नातं निघतं. एकाचा भाचा, दुसऱ्याची सून, तिसऱ्याच्या मंडळीतला गायक. इथे मात्र मी बाहेरच्या माणसाच्या बाजूने आहे. एक परीक्षक जिल्ह्याबाहेरचा असावा, ज्याला कुणाचं लग्न कुणाकडे झालंय हे माहीत नाही. पण भाऊबंदकीवरचा खरा उपाय परके परीक्षक भरणं हा नाही. उपाय आहे नियम, आणि तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

वेल्समध्ये ‘आयस्टेडफॉड’ नावाचा काव्य-संगीताचा मोठा मेळावा भरतो. कवी तिथे टोपणनावाने कविता पाठवतो. परीक्षकांना नाव कळत नाही. निकालाच्या दिवशी परीक्षक आपलं मत सगळ्यांसमोर मांडतात, मग टोपणनाव पुकारतात आणि कवी गर्दीतून उभा राहतो. कविता त्या तोलाची नसेल तर खुर्ची कुणालाच देत नाहीत. १९१७ च्या सप्टेंबरात बर्कनहेडला असंच एक टोपणनाव पुकारलं गेलं. कुणी उभं राहिलं नाही. तो कवी, हेड विन या नावाने ओळखला जाणारा एक मेंढपाळ, ३१ जुलैलाच युद्धात मारला गेला होता. मानाच्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ही गोष्ट करुण म्हणून सांगत नाही. थोडंच शिकलेल्या मेंढपाळाची कविता केवळ कवितेच्या जोरावर पहिली आली, कारण ती कुणाची हे बघायची सोयच ठेवली नव्हती. दर्जा परीक्षकांच्या पदव्यांमधून येत नाही, अशा नियमांमधून येतो.

आणखी एक उदाहरण. १९५४ साली अमेरिकेत इव्हॅन्स्टनला जागतिक चर्च परिषदेची सभा होती. सभेचा विषय ‘ख्रिस्त, जगाची आशा’. त्यासाठी तिथल्या हिम सोसायटीने गीतं मागवली, सुमारे ५०० आली. निवड झाली जॉर्जिया हार्कनेस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या गीताची. म्हणजे विद्वानांनी गीत लिहू नये असं माझं म्हणणं नाही, हे लक्षात घ्या. तिथे गीत कोणत्या सभेत, कोणत्या विषयावर गायलं जाणार, हे आधी ठरलेलं होतं. आमच्या पोस्टरवर विषय असतो, पण ते गीत कोण गाणार, कुठे गाणार, हे कुणालाच माहीत नसतं. निकालानंतर पहिलं आलेलं गीत एकदा स्टेजवर म्हटलं जातं, फोटो निघतो, संपलं.

मग करायचं काय? टीका करून मोकळं होणं सोपं, म्हणून माझी यादी देतो.

पाच परीक्षक घ्या. ज्या ज्या बोलीत गाणी मागवताय, ती बोली घरात बोलणारा निदान एक. तो मिळत नसेल तर त्या बोलीत गाणी मागवू नका, निदान खोटं तरी बोलू नका. चाल आणि ठेका जाणणारा एक, ज्याने ढोल हातात धरलाय. गावच्या मंडळीत वर्षानुवर्षं गाणं धरणारी एक बाई, कारण आमच्या प्रार्थनेत गाणाऱ्यांत बाया जास्त आणि पोस्टरवरच्या फोटोंत सगळे पुरुष. पंचविशीच्या आतलं एक पोरगं किंवा पोरगी, कारण उद्या हे गाणं त्यांनी म्हणायचंय. आणि जिल्ह्याबाहेरचा एक. धर्मशास्त्र जाणणारा सल्लागार वेगळा, गुणांशिवाय.

परीक्षकांची नावं पोस्टरवर छापा, आणि प्रत्येकाला कोणती भाषा येते हेही छापा. गाणी टोपणनावाने घ्या. कागदाबरोबर आवाज मागवा. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग कुणालाही जमतं. शेरा एका ओळीचा नको, निदान पाच ओळींचा द्या, आणि खाली परीक्षकाचं नाव. ज्याचं नातेवाइकाचं गाणं आहे, त्याने त्या फेरीत उठून बाहेर बसावं.

आणि शेवटची फेरी परीक्षकांकडून काढून घ्या. निवडलेली दहा गाणी अशा एका गावच्या मंडळीला शिकवा, जिने ती कधी ऐकली नाहीत. एकदाच शिकवा आणि निघून या. महिन्याने परत जा, वही न दाखवता विचारा, यातलं कोणतं येतं? जे येईल ते पहिलं. त्या दिवशी खरे तज्ज्ञ सतरंजीवर बसलेले असतील.

यात खर्च वाढेल का? थोडा वाढेल. ट्रॉफी लहान करा. प्रमुख पाहुण्यांचे हार कमी करा.

घाई कशासाठी करतोय तेही सांगतो. आमच्याकडची पोरं आता यूट्यूबवरची हिंदी गाणी म्हणतात. चांगली गाणी आहेत, मीही म्हणतो. पण त्यांत देहवाली नाही, आणि कधी येणारही नाही, कारण ते काम आमचंच आहे. ज्यांना बोलीत गाणं करता येतं ती माणसं साठीच्या पुढे गेली. त्यांतल्या एकीला आपण ‘अशुद्ध’ म्हणून पत्र पाठवलं की ती भांडायला येत नाही. ती फक्त पुढच्या वेळी गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याची नोंद कोणत्याच निकालपत्रात होत नाही.

फुईने त्यानंतर नवं गाणं केलेलं नाही. जुनं मात्र आजही म्हणते. गेल्या महिन्यात ऊसतोडीहून परतलेला एक पोरगा ते शिट्टीवर वाजवत रस्त्याने जाताना मी ऐकला. तो स्पर्धेत नव्हता आणि परीक्षकही नव्हता.

पुढच्या स्पर्धेचं पोस्टर अजून छापायचं असेल. आयोजकांनो, ‘तज्ज्ञ मंडळी’ हे दोन शब्द खोडा. त्या जागी नावं लिहा, आणि लिहिण्याआधी स्वतःला फुईचा प्रश्न विचारा : यांना आपली बोली येते का?